ओल्या पोत्याखालची टाकी

भटू, तू गेलास त्या आठवड्यात मला धड रडताही आलं नाही. बायका गळ्यात पडून रडत होत्या, माय भिंतीला डोकं टेकून तुझ्या लहानपणापासूनचं एकेक काढत होती, आणि मी मेल्या डोळ्यांनी कोपऱ्यातल्या तुझ्या टाकीकडे बघत बसले होते. सख्खा भाऊ गेला आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं लिंबायतच्या त्या गल्लीत कुणी ना कुणी म्हणालंच असेल. म्हणू दे. तुला खरं कारण माहीत आहे, म्हणून तुलाच सांगते आहे.

तुमची खोली केवढी, तर दहा माणसं बसली की अकराव्याने उंबऱ्यात उभं राहायचं. तुला जिथे निजवलं होतं तिथे मायने रीतीप्रमाणे दिवा लावला. खाली पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली आणि सांगून ठेवलं की दहाव्यापर्यंत तेल कमी पडू द्यायचं नाही, दिवा हलवायचा नाही, विझू तर मुळीच द्यायचा नाही. तिथून दोन हातांवर मोरीचा कोपरा. आणि त्या कोपऱ्यात, ओलं पोतं पांघरून, तुझी गॅसची टाकी.

तूच सांग, मी रडू कधी?

मला घाबरट म्हणायचास तू. खोटं नव्हतं ते. भेस्तानहून तुमच्याकडे यायला निघाले की अर्ध्या वाटेतून परत जाऊन गॅसचा कॉक बघणारी बाई मी. तुझ्या लेकीला, पायलला ताप आला की डेंग्यू, तुझा फोन लागला नाही की अपघात, असं माझं मन थेट शेवटच्या स्टेशनवर जाऊन बसतं. आगीच्या बंबावरून तू मला 'बंबवाली' नाव ठेवलं होतंस. दारात पाऊल टाकलं की ओरडायचास, "उनी रे उनी, बंबवाली उनी!" आणि तुझी रत्ना तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचे, पण हसता हसता माझी नजर कोपऱ्यात जायची, ते तुला दिसायचं.

त्या टाकीचं आणि माझं वैर जुनं. मागावरची तुझी पाळी बंद झाली तेव्हा तू महिनाभर घरात बसून होतास. मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस, तुला घरातली शांतता सोसत नव्हती. मग एक दिवस सायकलला फुगे बांधून तू माझ्या शाळेच्या फाटकात उभा. लाल, पिवळे, आणि सगळे आकाशाकडे ओढ घेणारे. माझ्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळली. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी. तू पुन्हा हसत होतास, हे बघून झाला होता. फुगे वर का जातात, हे मनात यायला मला थोडा वेळ लागला. आणि आलं तेव्हा मी खडू टाकून फाटकाकडे धावले.

आतला गॅस कुठून आणलास, विचारलं तर म्हणालास, "घरमाच बनाडस."

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी परीक्षानळीत जस्ताचे दोन तुकडे टाकून वर पातळ आम्ल ओतते, बुडबुडे येतात, तोंडाशी पेटती काडी नेली की 'फट्' होतं आणि पोरं टाळ्या वाजवतात. नळीभर हायड्रोजन तो. तेवढ्यासाठीसुद्धा मी पहिला बाक रिकामा करते, पंखा बंद करते, पाण्याची बादली शेजारी ठेवते. तू एकदा माझा विसरलेला डबा द्यायला आलास आणि दारात उभा राहून तो प्रयोग पाहिलास. 'फट्' झाल्यावर सगळ्यात मोठ्याने तूच हसलास. तो दिवस तू मला पुढे कितीदा ऐकवलास!

"आक्का, तू शाळामा पोरेस्ले जे शिकाडस तेच मी करस. तुले पगार मिळस, माले फुगा."

"अरे, माझी नळी बोटाएवढी. तुझी टाकी पोराएवढी. बंद लोखंडात कॉस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचं भंगार खदखदतं, टाकी तापते, दाब वाढतो, तो किती वाढला हे सांगणारं काही नाही त्याच्यावर. आणि त्या गॅसला ना वास ना रंग. गळला तर कळणार कसं?"

"मनी टाकी माले वळखस."

शास्त्र बाजूला पडायचं आणि आपण दोघं बहीणभाऊ होऊन भांडायचो. हेलियमची भरलेली टाकी घे, ते पेटत नाही, म्हणून मी तुझ्या मागे लागायचे. ते महाग पडतं, हे तुझं बोलणं खरंच होतं. मग मी म्हणायचे, निदान राहत्या घरात बनवू नकोस. ह्यावर तू कधी नाही म्हणाला नाहीस. "दिवाळी व्हऊ दे, मंग पाहू," एवढंच म्हणायचास. दिवाळी व्हायची, मग उत्तरायण यायचं, मग लग्नसराई. एका माणसाच्या 'मंग पाहू'त किती वर्षं मावतात, हे मला तुझ्यामुळे कळलं.

एक मात्र होतं. तुझ्या परीने तू काळजी घ्यायचास. टाकी तापू नये म्हणून तिच्यावर गोणपाट घालायचास आणि ते सारखं ओलं ठेवायचास. रत्नालाही तीच सवय लावली होतीस. टाकी घरात आली की पोतं ओलं. भाकरी थापता थापता ती उठून तांब्याभर पाणी ओतून यायची. मला ते पोतं दिसलं की आणखीच धास्ती वाटायची, कारण ते ओलं म्हणजे टाकी भरलेली.

आणि तू गेल्यावरसुद्धा ते पोतं ओलंच होतं.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते असं. रत्ना डोक्यावरून पदर घेऊन भिंतीशी बसलेली, डोळे सुजलेले, अन्नाचा कण पोटात नाही. मध्येच उठली. वाटलं, मोरीवर जाते आहे. तिने तांब्या घेतला, टाकीवर पाणी ओतलं, पोतं हाताने नीट सारखं केलं आणि परत येऊन बसली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी तिच्या कानाशी लागून विचारलं, "रत्ना, टाकी भरलेली आहे का गं?"

"सकायमा भरी व्हती तेस्नी. सायकलवर लई गयात. मंग लवकर परत उनात, बोलनात, आज धंदा नही. टाकी ठी दिनी नि बठनात. छातीमा कळ ई राह्यनी, बोलनात..."

म्हणजे भरलेली टाकी. सकाळी भरली, विकली नाही, तशीच परत आणली. आणि दोन हातांवर उघडी ज्योत.

त्यानंतर माझं काय झालं ते तुला सांगायला नको. भेटायला येणारं माणूस आत शिरलं की मी त्याच्या हाताकडे बघायचे. कुणी उदबत्तीचा पुडा घेऊन यायचं, मी तो घेऊन पदराखाली लपवायचे. गावाकडून आलेले आपले एक मामा दारात बसून विडी पेटवायला लागले, तर मी त्यांच्या हातातली काडी फुंकून विझवली. ते माझ्याकडे बघतच राहिले. टाकीला कुणी हात लावू नये म्हणून मी तिच्यासमोर चटई टाकून बसले. हलवावी म्हटलं तर धक्का लागायची भीती, ठेवावी म्हटलं तर दिव्याची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. वायर थोडी जुनी दिसली की वाटायचं आज, मोरीतून कसला आवाज आला की वाटायचं आत्ता. तुझी आठवण यायची ती सुद्धा रागाच्या रूपाने. असं कसं रे, म्हणायचे मनात, स्वतः सुटलास आणि ह्या तिघींना हिच्या शेजारी बसवून गेलास?

शेवटी मी रत्नाला म्हटलं, बंबवाल्यांना बोलवू या. तिने माझे दोन्ही हात धरले. "आक्का, पाया पडस. घरमालकले समजनं की आम्ही आठे गॅस बनाडतस, ते तो आमले काढी टाकी. आते आम्ही कथा जाऊत?"

घरमालकाने हाकललं तर कुठे जाणार, हे तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तू नाहीस, ती साड्यांना टिकल्या-खडे चिकटवणार आणि पायलचं कॉलेज चालणार. त्यात डोक्यावरचं छप्पर गेलं तर? एक अख्खा दिवस मी बंबवाल्यांचं नाव काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पायल दिव्यात तेल घालायला वाकली, तिच्या ओढणीचं टोक ज्योतीजवळ गेलं, आणि मी अशी किंचाळले की खालच्या घरातली माणसं वर आली. काहीच झालं नव्हतं. पण मग मला स्वतःला आवरता आलं नाही. पायलला म्हटलं, लाव फोन.

तुझी लेक शहाणी आहे, भटू. ती रडली नाही, तिने आईकडे बघितलं नाही, जिन्यात जाऊन स्वच्छ आवाजात गुजरातीत बोलली, दिवा विझवता यायचा नाही हेही तिनेच सांगितलं. "हा भाई, लिंबायत. फुग्गाना गॅसनी टांकी छे. घरमां दीवो चालु छे. ना भाई, ओलवाय एवो नथी. पप्पानो दीवो छे."

ते आले तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. झाकायचं काही राहिलंच नाही. त्यांच्यातल्या मोठ्या माणसाने आत पाऊल टाकलं, टाकी बघितली, टोपली बघितली आणि हात जोडून मला आधी दिवा विझवायला सांगितलं, "बेन, पहेला दीवो ओलवो. पछी ज अमे टांकीने हाथ लगाडीए."

माय टोपलीवर हात पसरून बसली. "मना लेकना दिवा शे तो. इझाडाना नही. तेनी वाट अंधारी व्हई जाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिकलेली, मी थोरली, फोनही मीच करायला लावलेला. मामा म्हणाले, दिवा उचलून शेजारी नेऊ. माय म्हणाली, जागाही हलवायची नाही. तो बिचारा माणूस दारात खोळंबलेला. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, ही खोली, त्यात ह्या तिघी, आणि नंतर काहीच नाही. मी मायचे हात बाजूला केले. तिचे हात किती हलके झालेत रे. टोपली उचलली आणि तुझा दिवा दोन बोटांनी विझवला.

मायने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

टाकी उचलून त्यांनी खाडीकाठच्या मोकळ्या जागेत नेली. मीही मागोमाग गेले. लोकांना लांब उभं केलं, मला त्याहून लांब. त्यांनी पाण्याचा फवारा तयार ठेवला, एक जण वाकून सावकाश पुढे गेला, पोतं काढलं. मी कानांत बोटं घातली होती. तो तिथेच सरळ उभा राहिला आणि हात हलवून मला बोलवायला लागला.

"बेन, आ तो खाली छे. वाल्व खुल्लो ज छे."

रिकामी होती. तुझी टाकी रिकामी होती, भटू. कॉक सताड उघडा होता, पोत्याखाली. कुणीही पोतं उचलून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण मी कुणाला तिच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतं. एका रिकाम्या लोखंडासाठी मी आठवडाभर तुला रडले नाही, रत्नाचं गुपित चव्हाट्यावर आणलं आणि मायच्या देखत तुझा दिवा विझवला. त्या माणसांनी मला चांगलं समजावलं. पुन्हा असं घरात बनवू देऊ नका, आमच्या डोळ्यांनी काय काय पाहिलंय, म्हणाले. मी मान डोलावत होते. मला हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं.

खाडीकाठी एक चहाची टपरी आहे, तुला माहीतच आहे. ते लोक गेल्यावर मी तिथल्या बाकावर मटकन बसले. चहावाल्याने न मागता चहा दिला आणि विचारलं, "दीदी, ये भटूभाई की टंकी है ना? आप उनकी बहन हो?"

मी हो म्हटलं.

"उस दिन सुबह वो उधर दूर किनारे पे बैठे थे. कॉक खोल के सारी गॅस हवा में छोड़ रहे थे. मैं बोला, भटूभाई, गुब्बारे तो भरो, ऐसे ही काहे को उड़ा रहे हो? बोले, आज तबीयत का ठिकाना नहीं. मैं दवाखाने में पड़ गया तो घर में औरतें हैं, चूल्हा जलता है, इसको कौन संभालेगा. पसीने से पूरा शर्ट गीला था, छाती पे हाथ धर के बैठे थे. मैंने कहा, पहले डागदर के पास जाओ. बोले, ये खाली हो जाए, फिर जाता हूँ. मेरी बहन बहुत डरती है इससे."

चहाचा पेला मी बाकावर ठेवून दिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी रत्नाला विचारलं होतं, दुखायला कधी लागलं? ती म्हणाली होती, आत्ताच. तिला तेवढंच माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. असं ते सगळ्यांनाच म्हणत असतील, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आता मला समजावणारं कुणी नव्हतं. तू त्या काठावर किती वेळ बसला होतास, हे मी चहावाल्याला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

घरी आले तर घरमालक दारात उभा. आत आला नाही. चपला घालूनच म्हणाला, "तेरमुं पती जाय पछी वात करीए." तेरावं झालं की बोलू. काय बोलणार आहे, ते मला ठाऊक नाही, आणि रत्नाला तर विचारूच नकोस. सध्या ती काळजी मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. माझं सामान भेस्तानला दोन खोल्यांत आहे, त्यातली एक रिकामी करता येईल. हे मी तिला अजून बोलले नाही, तिचा मान दुखवायचा नाही म्हणून.

आत माय दिव्याच्या जागी पाठ करून बसली होती. माझ्याशी बोलायची नाही, माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही. आणि रत्ना रिकाम्या कोपऱ्याकडे बघून पुटपुटत होती की ह्यांना आमची काही पडलीच नव्हती, भरलेली टाकी घरात ठेवून गेले. टाकी रिकामी निघाली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, केव्हा केली रिकामी? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. न सांगावं तर तुझ्यावर हा आळ. सांगावं तर, तू वेळेवर निघाला असतास तर, हा काटा तिच्या जन्माला. माझ्यासारख्या बाईने आयुष्यभर सगळ्या संकटांचा आधीच विचार करून ठेवलेला असतो, पण हे माझ्या यादीत कधी आलंच नव्हतं.

मग मी दोघींसमोर बसले आणि चहावाला जे बोलला ते सांगितलं. सगळं. माझ्या भीतीबद्दल तू जे बोललास, तेही गाळलं नाही.

रत्नाने एकच विचारलं. "दुखी राह्यनं व्हतं तरी बठनात?"

मी हो म्हटलं. ती तोंडावर पदर ओढून जमिनीवर आडवी झाली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. पायल तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

माय पुढे सरकली, पीठ हाताने सारखं केलं, नवी वात वळली, तेल घातलं. काड्यांची पेटी तिने माझ्या हातात दिली. "तेले जे वाटनं, तेच तू करं," म्हणाली, म्हणजे घर वाचावं म्हणून तू केलंस तेच मीही केलं. "लाव आते."

मी तुझा दिवा लावला. कोपरा रिकामा होता, भीतीसारखं काहीच उरलं नव्हतं, तरी पहिली काडी मी सवयीने फुंकून टाकली, दुसरी ओढावी लागली. आणि मग मला रडू फुटलं, भटू. जमलेल्या सगळ्या बायकांसमोर, लाज सोडून, तुझं नाव घेऊन मी रडले. माझा राग आहे तुझ्यावर, आणि तो जाणार नाही. माझ्या माणसांना तू जपलंस म्हणून मी तुझे पाय धरायला हवेत, हेही मला कळतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि रात्रंदिवस वाटतं.

टाकीवरून आपण किती भांडलो. घरात ठेवू नकोस, उघड्यावर ने, माणसं आधी बघ, धंदा मागून. कितीदा सांगितलं असेल मी. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. मग त्या दिवशीच कशाला ऐकलंस रे?